बारशाची चाल

दवाखान्याच्या भिंतीवरच्या टीव्हीत एक बोकड गाणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा केसांचा टोप खात होता, आणि नमिता त्याच्याकडे बघत नव्हती. आतल्या खोलीत बाबांना कवळी बसवत होते. दाराच्या फटीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, "काका, चावा. आता ई म्हणा. ई…" आणि त्यावर बाबांचं काहीतरी ओलसर, गोंधळलेलं उत्तर. शेजारच्या खुर्चीवर एक तीन-चार वर्षांची मुलगी गालाला रुमाल बांधून बसली होती आणि दुखणं विसरून हसत होती. तिच्यासाठीच कुणीतरी लहान मुलांचं चॅनल लावलं असावं. कार्टून जुनं होतं, रंग उडालेलं. लाल पडद्याचा भलामोठा रंगमंच, त्यावर छातीशी हात घेऊन परक्या भाषेत तार सप्तकात गाणारी जाडजूड बाई, आणि खाली वाजवणाऱ्यांच्या घोळक्यासमोर लांब शेपटाचा काळा कोट घातलेला, हातात काडी घेतलेला मास्तर. बोकडानं त्याच्यासमोरचे स्वरांचे कागद एकेक करून खाल्ले होते. मास्तर काडी उगारून त्याच्यामागे धावत होता, जिन्यावरून गडगडत होता, ढोलाचं कातडं फाडून आत पडत होता. आणि तो जिथे जिथे आपटे तिथे तिथे नेमका ठेका पडत होता. बाईचं गाणं मात्र थांबत नव्हतं. बोकड तिच्या झग्याचा घेर कुरतडत वर वर चालला तरी ती गातच होती. नमितानं हे सगळं नंतर पाहिलं. आधी तिला ऐकू आलं. ऐकू आलं म्हणण्यापेक्षा, आपला उजवा पाय फरशीवर ठेका धरतोय हे तिला दिसलं, आणि पुढचा सूर येण्याआधीच तो कुठला असणार हे आपल्याला माहीत आहे असं लक्षात आलं. सूर आला. तोच होता. त्याच्या पुढचाही तोच. मग ती चढण, मग वर गेल्यावर श्वास घ्यायला थांबल्यासारखी ती एक मात्रा, आणि मग घरंगळत खाली येणं. तिनं पाय थांबवला. ही बाबांची चाल होती.

बाबांची म्हणजे तिची. घणसोली गावातच काय, दिवाळे गावापासून पार इकडच्या सगळ्या गावांत हळदीला नामा मास्तरांचा बँड आला की लोक दोनच गोष्टी मागायचे: आधी हळदीची गाणी आणि मग, पोरं नाचून घामाघूम झाली, बायका दाराशी टेकल्या की, "मास्तर, ती बारशाची होऊ दे." मग बाबा क्लार्नेट जरा वर उचलायचे, डोळे मिटायचे आणि बाकीची वाद्यं हळू करून एकटेच सुरू करायचे. चालीची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मास्तरांना मुलगी झाली तेव्हा बाराव्या दिवशी पाळण्याशी उभं राहून त्यांनी ही चाल बांधली, म्हणून ती बारशाची. नमिता चार वर्षांची असताना तिची आई, सुनयना, दुसऱ्या बाळंतपणात गेली. बाळही राहिलं नाही. आईचा एकच फोटो घरात होता, लग्नातला, त्यात तिनं मान इतकी खाली घातलेली की कपाळ आणि नथ एवढंच दिसे. पण नमिताजवळ आई होती ती फोटोतली नव्हतीच. तिच्याजवळची आई हलत होती. पिवळं लुगडं नेसलेली, पाळण्याची दोरी धरून उभी, आणि बाबा वाजवताहेत तसा तिच्या पायाचा अंगठा जमिनीवर हळूच ठेका देतोय, जोडवं चमकतंय. बारा दिवसांच्या पोरीला असलं काही आठवत नसतं हे नमिताला कळत होतं. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये रोज वीस-पंचवीस माणसांचं रक्त काढणाऱ्या बाईला शरीराचं एवढं तरी कळतंच. तरीही ते चित्र तिनं कधी तपासून पाहिलं नव्हतं. एखादं लहान मूल सुई बघून हात ओढून घ्यायला लागलं की ती त्याची कोपराजवळची शीर चाचपत तोंडातल्या तोंडात तीच चाल गुणगुणायची, आणि मूल कान देऊन ऐकेपर्यंत काम होऊन जायचं. त्या क्षणी तिला दर वेळी वाटायचं की आपण तिघं आहोत: मूल, आपण आणि पायानं ठेका देणारी ती.

बाबा बाहेर आले तेव्हा टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती. एकाहत्तर वर्षांचा माणूस, आणि तोंडात एकदम बत्तीस पांढरेशुभ्र दात. चेहरा कुणाचा तरी उसना आणल्यासारखा दिसत होता. "कशे दिसतात?" त्यांनी विचारलं. 'दिसतात'मधला स शीळ घालत निसटला. "छान," ती म्हणाली. तिला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. रिक्षात बसल्यावर कुंदनचा फोन आला. कुंदन म्हणजे काशी आत्याचा मुलगा, लग्न-हळदीला वाजवणारी बेंजो पार्टी चालवतो. बाबांचे दात पडल्यापासून क्लार्नेट पेटीत गेलं होतं, कारण वरचे दात टेकल्याशिवाय ते वाद्य तोंडात ठरत नाही. आणि आता कुंदनच्याच हट्टानं कवळी झाली होती. "ताई, टेन्शन नको घेऊ, स्टुडिओ बुक केलाय, रविवारी," तो ओरडून सांगत होता. "मामानं फक्त यायचं आणि बारशाची वाजवायची. व्हिडिओवर मोठ्या अक्षरात टाकतो: संगीतकार, नामा मास्तर. अख्ख्या नवी मुंबईत अशी ओरिजिनल चाल कुणाकडे हाय, सांग!" नमितानं फोन बाबांच्या कानाला लावला. ते ऐकत राहिले, नव्या दातांनी हसले आणि "बरा, बरा" म्हणाले. रिक्षा पामबीच रस्त्याला लागली. खाडीकडून वारा येत होता आणि बाबा जिभेनं दात चाचपत बसले होते, नवीन घरात शिरलेला माणूस भिंतींवरून हात फिरवतो तसे. तिनं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

घरी येऊन तिनं मोबाइलवर शोधलं. बोकड, गाणारी बाई, मास्तर, एवढं लिहिल्यावर सातव्या की आठव्या खेपेला ते सापडलं. बाबांच्या जन्माच्या सहा वर्षं आधीचं होतं. तिनं ते तीनदा पाहिलं. स्वयंपाकघरात भाताचा कुकर शिट्ट्या देत होता आणि तिला तो कितव्या शिटीला बंद करायचा ते आठवेना. संध्याकाळी हितेशला, नवऱ्याला, दाखवलं तर तो बोकडाला इतका हसला की तिला त्याचा राग आला. "अगं, मग काय झालं? सगळेच कुठून ना कुठून उचलतात," तो म्हणाला. "बँडवाले तर उचलतातच. हे बघ, हे बघ, आता तो ढोलात पडतोय." त्याचं चुकत नव्हतं. उचलण्याचं तिला काही नव्हतं. बाबांनी उभं आयुष्य दुसऱ्यांचीच गाणी वाजवली होती. लोकांच्या मांडवाबाहेर उभं राहून, सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवून, जरीच्या पट्ट्यांचा तो लाल कोट घामानं अंगाला चिकटवून. एक चाल त्यांनी आपली म्हणून सांगितली असेल तर सांगू देत. पण चाल टीव्हीतून आली असेल तर ती बारशाची नव्हती. बारशाला गावात कुणाच्या घरी असलं काही दिसतच नव्हतं, केबल आली ती नंतर तीन-चार वर्षांनी. आणि चाल बारशाची नसेल तर पाळण्यापाशी उभी असलेली ती बाई कोण? कशावर ठेका देत होती ती? रात्रभर कुणीतरी घरातून एकेक वस्तू बाहेर नेऊन ठेवावी तसं तिच्या मनातून एकेक जात होतं. आधी अंगठा गेला. मग जोडवं. मग पिवळं लुगडं, आणि शेवटी दोरी धरलेला हात, ज्याची बोटं तिनं स्वतःच्या बोटांवरून बेतली होती हे तिला आत्ता कळत होतं. राहिला तो फोटो, कपाळ आणि नथ. दोन दिवस ती कामावर गेली. लहान मुलं आली, तिनं शीर चाचपली, ओठ मिटलेलेच ठेवले. एका मुलानं इतका हात झटकला की दोनदा टोचावं लागलं, आणि त्याच्या आईनं तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेत तिला जे दिसलं ते असं होतं, की तुला मूल म्हणजे काय ते माहीत नाही. मूल म्हणजे काय ते तिला माहीत होतं. आई म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

गुरुवारी तिची सुट्टी होती. दुपारी ती गावठाणात बाबांकडे गेली. दोन्ही बाजूंनी भाड्याच्या खोल्या चढत चढत गेल्यामुळे गल्लीत ऊन यायचं ते फक्त बारा ते दोन, आणि तेवढ्या वेळात काशी आत्या सूप घेऊन ओट्यावर सुकट निवडायला बसायची. आतून क्लार्नेटचे आवाज येत होते. दोन सूर नीट यायचे आणि तिसऱ्याला बदक चिरडल्यासारखं काहीतरी. "तीन दीस हाच चालू हाय," आत्या मान न वळवता म्हणाली. "दात हालतात त्याचे. मी बोलले, रविवारपर्यंत चिकटव काहीतरी लावून." नमिता हसली नाही. ती आत गेली, बाबांच्या समोर पाट ओढून बसली आणि काही न बोलता मोबाइल त्यांच्या गुडघ्यावर ठेवून तिनं ते लावलं. आपण हे असं का करतोय हे तिला कळत नव्हतं. विचारता आलं असतं. पण विचारायला शब्द लागतात, आणि गेले तीन दिवस जो जो शब्द ती जुळवत होती तो चोरीच्या बाजूला जात होता.

बाबांनी पूर्ण पाहिलं. सात मिनिटं. चष्मा नव्हता म्हणून फोन लांब धरून. बोकडानं पहिला कागद खाल्ला तेव्हा त्यांनी क्लार्नेट मांडीवरून खाली ठेवलं. चाल आली तेव्हा त्यांची बोटं हवेत, फोनच्या पाठीमागे, भोकं दाबत राहिली. मास्तर ढोलात पडला. बाईचं गाणं संपलं, पडदा पडला, तो पडदाही बोकडानं खाल्ला. मग बाबांनी तोंडात दोन बोटं घालून कवळी काढली, वाटीतल्या पाण्यात ठेवली आणि आपल्या नेहमीच्या, पोकळ आणि मऊ आवाजात म्हणाले, "तू हितं हसली व्हतीस. तो ढोलान परला तवा."

"मी?"

"तू बोलत नव्हतीस गो. सुनयना गेली, त्याचे दुसरे दिसापासून. पाच म्हयने. रडायची पन नाय. खायला दिला तं खायची, निजवली तं निजायची. डॉक्टर बोलला, बोलल आपोआप. कवा बोलल? त्यो काय सांगत नाय."

नमिताला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटलं, आपण दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकतोय, एखाद्या पेशंटची.

"पाटलांचे घरी केबल आलती. काशीनं तुला तिकरं नेली व्हती, मी न्यायला गेलो. मी दारान उभा, वर्दी घालून, वाजवाय जायाचा व्हता कुठं तरी. टीव्हीत ह्यो बोकड. आनि ह्यो मास्तर ढोलान परला, आनि तू हसलीस. खदाखदा नाय. फुक्कन. मंग माज्याकरं बघितलास, माजे कोटाकरं. आनि परत टीव्हीकरं." बाबा थांबले. "मी घरी येऊन जिन्यावरून परून बघितला. तू नाय हसलीस. मंग मना वाटला, बोकडाचा काय तरी करावा. पन बोकड आनला तरी त्याला टोप कोन खायला दील? चाल तेवरी आनता येत व्हती."

"दोन म्हयने," ओट्यावरून आत्याचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती. "दोन म्हयने पाटलांचे खिरकीशी उभा र्‍हायचा हा, हातान क्लार्नेटची पेटी घेऊन. ते कार्टून कवा लागंल त्याचा नेम नाय. आज लागला तं चार सूर घेऊन यायचा, मंग आठ दीस काय नाय. लोक बोलाय लागले, मास्तरची बायको गेली, आता पाटलांचे सुनेवर डोला हाय. शेवटी पाटलानं ईचारला, मास्तर, काय पायजे तुमाला? तं हा बोलतो, बोकड."

आत्या मोठ्यानं हसली. बाबाही हसले, दात नसलेलं ते खोल हसू. "रोज संध्याकाली वाजवायचो तुज्यासमोर," ते म्हणाले. "जेवरी आली तेवरी. पुरी झाली त्या दिशी तू बोललीस."

"काय बोलले?"

"'परत.'"

गल्लीतून कुणीतरी सिलिंडर ओढत नेत होतं. नमिताला स्वतःचे हात दिसत होते, मांडीवर, एकावर एक. पाच महिने गप्प बसलेली ती पोर तिला आठवत नव्हती, पण तिच्या गप्प बसण्यातलं काहीतरी ओळखीचं होतं. आपण अजूनही तसंच करतो. गेले तीन दिवस केलं. आणि खिडकीशी उभा असलेला तो चाळिशीचा माणूस, जरीच्या कोटात, आत लोकांच्या घरात काय लागलंय ते मान वाकवून बघणारा, तो तिला स्पष्ट दिसला.

"मग बारशाची का म्हणालास, बाबा?"

"लोक ईचारायचे ना. मास्तर, ही कुठली चाल? काय सांगू? माजी पोर मुकी झालती म्हनून शिकलो, असा सांगू? तू मोठी होनार, शालेन जानार, लगीन व्हनार. गावाचे तोंडान तेच र्‍हायला असता, मुकी झालेली पोर. म्हनून बोललो, बारशाची हाय. मंग तू ईचारलास, तुला पन तेच सांगला. आनि मंग," बाबांनी वाटीतल्या दातांकडे पाहिलं, "तूच सांगाय लागलीस, आई पिवल्या लुगर्‍यान व्हती, आई पायानं ताल देत व्हती. मना काय 'नाय' बोलवला नाय."

"म्हणजे आईनं ती ऐकलीच नाही."

"नाय," बाबा म्हणाले.

हे तिला तीन दिवस माहीत होतं. तरी ते त्यांच्या तोंडून आल्यावर वेगळं झालं. मघाशी तिला बाबा मिळाले होते, अख्खेच्या अख्खे. आणि त्याच गोष्टीत आई गेली होती, या वेळी कायमची, आणि दोन्हीचं वजन एकदम कसं उचलायचं ते तिला येत नव्हतं. बाबांना ते दिसलं असावं. ते उगाच दुसरंच बोलू लागले. "कुंदनला फोन लाव. त्याला सांग, संगीतकार-बिंगीतकार नको लिवू. वाजवनार, नामा. यवराच." तिनं फोन लावला, सांगितलं. पलीकडून कुंदन करवादला, "अगं ताई, मग लोक बघतील का? मग चाल कुणाची लिहू?" "बोकडाची लिही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच फुटला.

आत्या सूप घेऊन उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिच्या बोटांना सुकटीचा चुरा लागला होता. "आनि बारशाला कसला वाजप आनि कसली चाल!" ती म्हणाली. "बारशाला हा घरान तरी व्हता का? ईचार त्याला."

बाबांनी मान वळवली. "काशी, जाऊ दे."

"का जाऊ दे? पोरीला बारशाचा सांगतोस तं पुरा सांग. दिवाल्याला वाजवाय गेलता हा. एके दिसाचा सांगून गेला नि तीन दीस आला नाय. एक लगीन संपला नि तितूनच दुसरे लग्नाला. पोरीचा बारसा, पाव्हनं आलेली, आनि बापाचा पत्ता नाय. मी आत्या, नाव मी ठेवनार, मी कुंदा ठरवला व्हता. पोराचा पुढं कुंदन ठेवला तो त्याच हौशीनं. सुनयना बोलली, नाय. तिनं मना पालन्यापासून बाजूला केली. मना!" आत्याच्या आवाजात पस्तीस वर्षांपूर्वीचा राग अजून ताजा होता. "तिसऱ्या दिशी दुपारचा आला हा, तोंड सुजलेला वाजवून वाजवून. ती ह्याच उंबर्‍यान उभी. काय बोलली माहीत हाय?"

"काय बोलली?" नमितानं विचारलं. आई काहीतरी बोलली होती. हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिची आई ठेका द्यायची, दोरी धरायची, बघायची. पण त्या आईच्या तोंडी तिनं कधी शब्द घातला नव्हता. "बाबा, काय बोलली आई?"

"मना नाय जमाचा," बाबा पुटपुटले. "काशी सांगल. काशीला तिचा आवाज येतो."

आत्यानं सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले, पदर कमरेला खोचला, एक हात चौकटीवर टेकवला आणि दुसरा कमरेवर ठेवला. तिची पाठ एकदम ताठ झाली, हनुवटी वर गेली, आणि सत्तरीला आलेल्या त्या बाईच्या अंगातून एक चोवीस-पंचवीस वर्षांची, सडसडीत, भयंकर चिडलेली मुलगी उभी राहिली. आवाज आत्याचा नव्हता. तो बारीक होता आणि धारदार, आणि गल्लीच्या पार टोकापर्यंत गेला.

"आलास? ये! लोकांची लगनं लाव तू, लोकांचे पोरी नाचीव! तू काय घरान ठरत नायस, तं तुजा नाव तरी घरान र्‍हाऊ दे म्हनून पोरीला नमिता ठेवलाय. नामाची नमिता! कुनाला पसंत नसल तं त्यानं आपला नाव बदलावा, माजे पोरीचा बदलनार नाय!"

समोरच्या खोलीतल्या भाडेकरणीनं घाबरून दार उघडून पाहिलं. नमिता पाटावरून उठून उभी राहिली होती, आणि बाबांनी खरोखरच मान खाली घातली होती.